फासाला डुक्कर कळत नाही

संपादक महोदय,
रानडुकरांसाठी जंगलात फास लावायला परवानगी द्या, असं म्हणणारं पत्र कालच्या अंकात वाचलं, राहवलं नाही. एका रात्रीत उभी तूर आडवी होते, ते आम्हीही भोगलंय, पण मागच्या हिवाळ्यात नाल्याकाठी सागाच्या बुंध्याला गाडीच्या क्लच वायरचा फास दिसला, गुडघाभर उंचीवर, त्यात वासराचे केस अडकलेले, उद्या तिथं बिबट्याच असता. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फास लावणं म्हणजे शिकारच आहे. 2017 ला नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ शेताच्या करंटच्या तारेनंच गेला ना? फास नको, नुकसानीचा पंचनामा तेवढा वेळेवर करा आणि भरपाई पेरणीआधी हातात द्या.
– एक शेतकरी, चंद्रपूर जिल्हा