फोटोतल्या त्या उंच ग्लासाबद्दल

म्युनिक, १२ मे

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार. दादालाही.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, ते पुन्हा लिहीत नाही. तिकडे पारा ४५ला टेकला असेल. कूलरला नवी खस लावली का? आणि बाबा भर दुपारी बाहेर पडून राहिले नाहीत ना?

आता तो बिअरच्या ग्लासाचा फोटो. आई, तू फोनवर रागावली नाहीस, पण "ग्लास केवढा रे तो" हे दोनदा विचारलंस. दादाने तर यादीच मागितली, सावजीसोबत कोणती चालेल म्हणून. दोघांना एकदमच उत्तर देतो.

ती गव्हाची बिअर. इथे तिला वाइसबिअर म्हणतात, वाइस म्हणजे पांढरी. नाचणीचं सत्त्व करताना तू मोड आणून वाळवतेस ना, तसा गहू मोड आणून वाळवतात. इथल्या नियमाने असा गहू निम्मा तरी हवाच, बाकी जव. नुसता गहू चालत नाही, कारण त्याला टरफल नसतं. लगदा चिकट होऊन गाळणीत बसतो. जवाच्या टरफलांमधून पाणी वाट काढतं. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण दोन्ही घातलेलं नसतं, तो यीस्टचा गुण. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. दारूच आहे, नाही म्हणत नाही, पण बाबांना वाटते ती 'तसली' नाही.

दादा, ओतण्यात सगळे चुकतात. ग्लासला तेलाचा हात लागला असेल तर फेस उभाच राहत नाही. ग्लास गार पाण्याने विसळायचा, पुसायचा नाही. कोरड्या काचेवर नुसता फेसच होतो. मग तो जवळजवळ आडवा धरून, बाटलीचं तोंड काचेला लावून सावकाश ओतायचं. तळाशी दोन बोटं उरली की थांबायचं, बाटली गोल फिरवून खाली बसलेलं यीस्ट उठवायचं आणि ते वरून सोडायचं. तो गढूळपणा म्हणजे खराबी नव्हे, चव त्यातच आहे. फ्रीजमधून काढल्यावर इथे दहा मिनिटं थांबतात, ८ अंशांच्या आसपास वास खुलतो. नागपूरच्या मे महिन्यात तीन मिनिटं पुरेत. लिंबाची फोड टाकू नकोस, सालीतल्या तेलाने फेस बसतो. आणि चिअर्स करताना ग्लासचा जाड बूड टेकवतात, वरची कड पातळ असते.

खाण्याचं म्हणशील तर या बिअरमध्ये कडूपणा कमी, म्हणून तिखट अंगावर येत नाही. सावजी चिकनला साधी हेफेवाइत्सन, म्हणजे वर सांगितलेली गढूळ गव्हाची बिअर घे, पण गॅस जास्त असतो, जीभ पोळलेली असताना घोट टोचतो. आधी भाकरीचा तुकडा खा. वाइत्सनबॉक, म्हणजे तिचाच कडक प्रकार, सावजीसोबत अजिबात नको. तिच्यात ७-८ टक्के अल्कोहोल, तिखटाचा जाळ वाढतो. ती संत्रा बर्फीसोबत, आणि अर्धाच ग्लास. भाजलेल्या वांग्याच्या भरताला काळपट डुंकेल, तिला पावाच्या करपलेल्या कडेची चव असते. सांबारवडीला (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) मात्र बेल्जियमची विटबिअरच. मोड न आणलेला गहू, धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल (आपल्या संत्र्याची नव्हे). हूगार्डन गावात ती बंद पडली होती, पिएर सेलिस यांनी १९६६मध्ये पुन्हा सुरू केली. सांबार आणि धने एकाच झाडाचे, जुळणारच.

इथली एक रीत मला अजून पचलेली नाही. सकाळी दहाला नाश्त्याला बिअर! सोबत वाइसवुर्स्ट, म्हणजे पांढरे सॉसेज. ते उकळत नाहीत, उकळलं की कातडी फुटते. पाणी उकळून आच बंद करतात आणि मग त्यात दहा मिनिटं सोडतात. कातडी खात नाहीत, सोलून आतलं तेवढं, मोहरीच्या गोड सॉससोबत. आणि दुपारी बाराचे ठोके पडायच्या आत संपवायचं, नंतर मागितलं तर जुनी माणसं वळून बघतात. कारण फ्रीज नव्हते तेव्हाचं. मांस न खारवता पहाटे बनवायचे, दुपारपर्यंत टिकत नसे. आता फ्रीज आहे, रीत तशीच. आपल्याकडे तर्री पोहे संध्याकाळी मागितले तर कोणी असं बघत नाही. वाइसवुर्स्टमध्ये वासराचं मांस असतं, म्हणून मी फक्त ब्रेत्सेल (इथला खारा पाव) आणि चीज घेतो. आई, खरंच.

बाबांच्या मोतीबिंदूसाठी ६०० युरो टाकलेत, आजउद्या जमा होतील. ऑपरेशन पुढे ढकलू नका. चिंगीच्या लग्नाला मी येत नाही. सुट्टी आहे, पण तिकीट दुप्पट झालंय. तिच्या आहेराचे पैसे त्यातच आहेत. काकूला तूच सांग, माझ्याने फोनवर होणार नाही. प्रतापनगरच्या स्थळाचं दिवाळीनंतर बोलू. नाही म्हटलेलं नाही, एवढंच त्यांना कळव. पण तो फोटो त्यांना दाखवू नकोस.

तुमचा,
बंटी

ता. क. गव्हाच्या बिअरचा नेहमीचा ग्लासच अर्ध्या लिटरचा असतो. मी मागितला म्हणून मोठा दिलेला नाही.