शैवाल ओळखणार कोण?

संपादक महोदय,

कालच्या अंकातील समुद्रशैवाल शेतीवरचा लेख वाचला. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतले ६४० कोटी आले, रोजगार आला, निर्यात आली. हाती आलेले शैवाल कोणत्या प्रजातीचे, हे सांगणारी माणसे उरली आहेत का, यावर मात्र एक ओळही नाही.

मी सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मालवणच्या सहलीत ओहोटीला खडकांवरून काढलेले शैवाल ट्रेमधल्या पाण्यात तरंगवायचे, खालून कागद सरकवून अलगद उचलायचे आणि वर मलमलीचे फडके टाकून दाबायचे. सारगॅसम, कॉलर्पा कागदावर जसेच्या तसे बसायचे. प्रत्येकावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव. मी निवृत्त झाले आणि माझी जागा भरलीच नाही. पुढे तपासणी समिती येणार म्हणून या नमुन्यांचे कपाट जिन्याखाली गेले आणि २०१९च्या महापुरात पाण्याखाली. कागद सोडवून वाळवता आले असते. पण गाळासकट सगळे कचऱ्यात टाकले. विचारायला गेले तर उत्तर मिळाले, 'मॅडम, आता त्या विषयाचं कुणी नाही, ठेवून करायचं काय?' हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

ब्रिटनमध्येही वर्गीकरणशास्त्राची, म्हणजे प्रजाती ओळखून त्यांची वर्गवारी करणाऱ्या शास्त्राची, हीच गत आहे. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या विज्ञान समितीने १९९२, २००२ आणि २००८ मध्ये त्यावर अहवाल दिले. निदान तिथे वरच्या सभागृहात विषय तरी निघाला.

शेतीच करायची म्हणता, तर जपानकडे पाहा. कॉन्कोसेलिस हे वेगळे शैवाल नसून पॉर्फायराचीच, म्हणजे नोरी या खाद्य शैवालाचीच, एक अवस्था आहे, हे मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवले आणि त्यावर जपानची नोरीची शेती उभी राहिली. जपानी शेतकऱ्यांनी त्यांचे स्मारक उभारले. आपल्याकडे लागवडीला घेतात ते कप्पाफायकस हे शैवाल बाहेरून आणलेले. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्येच झाली आहे. उद्या कोकणात तसे घडले तर ते वेळेवर ओळखणार कोण? योजनेच्या पैशातून किनाऱ्यालगतच्या आणि आपल्याकडच्याही महाविद्यालयांत या विषयाच्या जागा भराव्यात, नमुन्यांची कपाटे वरच्या मजल्यावर ठेवावीत, एवढीच मागणी आहे.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र शैवालाचे नव्हतेच. ती जलपर्णी होती, जांभळ्या फुलांसकट. गोड्या पाण्यातली ही सपुष्प वनस्पती आमच्या कृष्णेकाठचे शाळकरी मूलही ओळखेल. कृपया दुरुस्ती छापावी.

एक निवृत्त प्राध्यापिका,
विश्रामबाग, सांगली