शनिवारी सुतळी आणि खडे आणायला विसरू नका

सर्व सभासदांना नमस्कार. आघातोपचार (मनावरच्या आघातांचे उपचार) प्रशिक्षणाचा दुसरा दिवस येत्या शनिवारी, सकाळी साडेनऊला, नेहमीच्याच हॉलमध्ये. मणिपूरच्या मदत छावण्यांसाठी ज्यांनी नावं दिली आहेत, त्यांनी तरी चुकवू नये.

'नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी'चा, म्हणजे आयुष्याची गोष्ट क्रमाने सांगत आघातांना सामोरं जाण्याच्या उपचाराचा, सराव आहे. प्रत्येकाने दोन मीटर सुतळी, मूठभर लहानमोठे खडे, थोडी फुलं आणावीत. सुतळी म्हणजे आयुष्य; सुखाच्या जागी फूल, आघाताच्या जागी खडा. शेवटचं टोक गुंडाळलेलंच ठेवायचं, ते पुढचं आयुष्य. गेल्या खेपेला एक ताई तिसऱ्या खड्यापाशी गप्पच झाल्या. तेव्हा सरावाला स्वतःचा फार ओला घाव घेऊ नका.

दुपारी दुभाष्यासोबत बसण्याचा सराव. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ला हिंसाचार उसळल्यावर मैतेई आणि कुकी-झो, दोन्ही समाजांची माणसं बेघर झाली. दुभाषी कुठल्या समाजाचा, यावर समोरचा तोंड उघडेल की नाही हे ठरू शकतं. आणि पहिल्याच भेटीत "काय काय झालं, सगळं सांगा" नको. ताज्या आघातानंतर असं डीब्रीफिंग करू नये, हे डब्ल्यूएचओचंही म्हणणं आहे.

डबा आपापला, चहा आमचा. येणार नसाल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा, जोड्या लावायच्या आहेत.