दोन मिनिटांत वजन उतरत नाही

संपादक महोदय,

मुलगी चौदाची. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, 'खाणं कमी कर' म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला, दोन मिनिटांत विषय संपला. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. अहो, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने (अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०२३ लाच सांगितलंय की वजन जास्त असलेल्या मुलांसोबत ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास समोरासमोर बसून, तेही घरच्यांना सोबत घेऊन, आहार-व्यायामाच्या सवयींवर काम व्हायला हवं. पोरीला एकटीला डाएटवर ठेवायचं आणि आपण टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचं (आम्ही तेच करत होतो), याला काय अर्थ? आणि नातेवाइकांनो, 'जाडी' म्हणून चिडवणं आधी बंद करा, त्याने पोरं लपून जास्त खातात.

- एक आई