तैवानच्या बातम्यांत तैनान कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात तैवानची बातमी आली की ती एकतर चिपची असते नाहीतर चीनच्या विमानांची, त्या बेटाला स्वतःचा इतिहास आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही, म्हणून लिहितोय. मागच्या वर्षी मी तैनानला जाऊन आलो. तैवानमधलं सगळ्यात जुनं शहर, दोनशेहून जास्त वर्षं बेटाचा कारभार इथूनच चालायचा, राजधानी तैपेईला गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

१६२४ मध्ये डच कंपनीने इथं फोर्ट झीलँडिया बांधायला घेतला, धंदा हरणाच्या कातड्यांचा आणि साखरेचा. मग १६६१ ला कोशिंगा आला, चीनच्या मिंग घराण्याच्या बाजूने लढणारा, आई जपानी. त्याने आरमार आणून किल्ल्याला नऊ महिने वेढा घातला आणि फेब्रुवारी १६६२ मध्ये डचांनी किल्ला सोडला.

आता तिथं गेलेले सगळे जण वरच्या पांढऱ्या मनोऱ्याचे फोटो काढत बसतात पण तो मनोरा खूप नंतरचा आहे हो! खरी डच भिंत खाली बाजूला उभी आहे, विटांवरून वडासारख्या झाडाच्या मुळ्या उतरल्यात आणि विटा सांधायला शिंपल्यांचा चुना, वाळू, साखरेचा पाक आणि चिकट तांदूळ वापरलेत. मी तिथं अर्धा तास नुसता बघत उभा होतो. तेव्हा हा किल्ला पाण्याला लागून होता, नंतर खाडी गाळाने भरत गेली, आज आजूबाजूला घरं आणि गल्ल्या आहेत.

१६६५ चं कन्फ्यूशियसचं मंदिरही आहे. पण मला जास्त लागलं ते हायाशी डिपार्टमेंट स्टोअर, जपानी राजवटीत १९३२ ला उघडलेलं. १९४५ मध्ये अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात त्याच्या गच्चीला जो मार बसला त्याच्या खुणा तशाच ठेवल्यात, खाली दुकान चालू आणि वर त्या फुटक्या भिंती.

डच, कोशिंगा, चीनचं चिंग घराणं, जपान, सगळ्यांच्या खुणा एकाच शहरात चालत बघता येतात, रविवारच्या पुरवणीत यावर एक पान सहज होईल, कृपया छापा. आणि चिपचंच लिहायचं असेल तरी चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीचे मोठे कारखाने याच तैनानमध्ये आहेत, निदान बातमीत शहराचं नाव तरी येऊ द्या.

आपला एक नियमित वाचक