शिशुवर्गातला शरद इथला असावा

संपादक महोदय,

सप्टेंबर लागला की अलीकडे कित्येक शाळांच्या शिशुवर्गांतील फलकांवर नारिंगी मेपलची पाने आणि डोळे कोरलेले भोपळे दिसू लागतात. ऋतूचा विषय धरून मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात आणि त्यातूनच चित्रे, ठसेकाम, चिकटकाम करून घ्यावे, ही पद्धत अतिशय चांगली आहे. बॉस्टन किंवा टोरांटोत वाढणाऱ्या मराठी मुलांना तर ती लाल-नारिंगी पाने ऑक्टोबरात दारातच सापडतात. आपल्याकडे मात्र त्या दिवसांत झाडे हिरवीगार असतात आणि मुलाला फलकावर एक व खिडकीबाहेर भलतेच दिसते. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूला शब्द जोडण्याचे हे वय आहे; त्यात अशी फारकत करणे मला चुकीचे वाटते.

आश्विन-कार्तिकातल्या आपल्या शरदात वर्गासाठी सामग्रीची मुळीच वाण नाही. आपट्याचे पान मधोमध दुमडले की त्याचे दोन्ही भाग एकमेकांवर नेमके बसतात. त्याला रंग लावून कागदावर ठसे घेताना मुले समान आकाराची ओळख आपोआप करून घेतात. (त्यासाठी गळालेली दोन-चार पाने पुरतात, फांद्या ओरबाडण्याची गरज नाही.) तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बिया उडतात, ही गंमत एकदा अनुभवलेले मूल बीजप्रसाराची गोष्ट किती कान देऊन ऐकते, हे मी बालवाडीत शिकवताना पाहिले आहे. झेंडूच्या पाकळ्या, भाताच्या लोंब्या, डोंगरउतारावरची पिवळी सोनकी यांतून रंगांची नावे आणि नवे शब्द दोन्ही मिळतात.

वाचनाच्या दृष्टीने भोंडल्याइतके उपयोगी साधन मला दुसरे दिसत नाही. सूर्य हस्त नक्षत्रात असतानाचा हा खेळ असल्याने मध्ये हत्तीचे चित्र मांडतात. ते चित्र मुलांनीच तांदूळ, डाळी आणि पाकळ्यांनी भरावे. भोंडल्याच्या अनेक गाण्यांत एका ओळीतून पुढची ओळ निघते आणि शब्द पुन्हा पुन्हा येतात. तेच गाणे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, ओळीखाली बोट फिरवत म्हटले, तर अक्षरे न शिकलेले मूलही पुढचा शब्द ओळखू लागते, आणि वाचनाची सुरुवात अशीच होते.

पानगळ शिकवायचीच असेल, तर ती जानेवारी-फेब्रुवारीत शिकवावी. शहरी शाळांच्या आवारातही आढळणाऱ्या देशी बदामाची पाने त्या सुमारास खरोखरच लालभडक होऊन गळतात, आणि पाठोपाठ पिंपळाला तांबूस पालवी फुटते. तेव्हा रंगीत कागद विकत आणण्याचीही गरज उरत नाही.

यात नवीन असे काही मी सांगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, ते पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने यांतूनच आदिवासी मुलांसाठी शिक्षणसाधने घडवली. २०२२च्या पायाभूत स्तरावरील (तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मातृभाषा आणि परिसरातील वस्तू यांवर भर दिला आहे. मराठी चित्रकथा हव्या असतील, तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर त्या विनामूल्य मिळतात.

शाळांनी दिवाळीपर्यंतच्या उपक्रमांचे नियोजन करताना तयार छापील संच मागवण्यापूर्वी शिक्षिकांना आवारात एक फेरी मारून यादी करण्यास सांगावे. आपल्या बालपुरवणीनेही भाद्रपदाच्या अखेरीस अशा उपक्रमांसाठी एक पान द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा