त्रास नाही म्हणून तपासणी नाही?

संपादक महोदय,

उच्च रक्तदाब बहुतेकदा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या पोखरत राहतो, म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. माझ्या वडिलांचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडला, तेव्हा त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून कुणी रक्तदाब मोजल्याला कित्येक वर्षे उलटली होती. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून घेतलेले माप वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक भरले, तर डॉक्टरांना दाखवावेच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडा उतरला म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे मात्र मला सर्वांत घातक वाटते, कारण तो बहुधा त्या गोळ्यांमुळेच उतरलेला असतो.

— एक वाचक